अनियमित नाडी, नियमित नोंद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘त्यांचं हार्ट फेल झालं हो!’ हे वाक्य आपल्याकडे निधनाची बातमी म्हणून सांगितले जाते. कुणी रात्री झोपेत गेले, कुणी बसल्या जागी कोसळले, की शेजारीपाजारी एवढेच सांगतात. त्यामुळे केसपेपरवर ‘हार्ट फेल्युअर’ असे शब्द दिसले की घरातल्यांचे धाबे दणाणते. मी पेशाने डॉक्टर आहे आणि हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की बोलण्याची सुरुवात या शब्दाच्या खुलाशानेच करतो.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण पूर्वीइतके पाणी वर चढवत नाही, तशी ही अवस्था. रक्त पुढे जायला हवे तेवढे जात नाही, मागे तुंबते. मग पायांवर सूज येते, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे पडले की गुदमरते आणि माणूस एकावर एक उशा रचून बसून झोपू लागतो. हा आजार वर्षानुवर्षे चालतो. त्याच्याबरोबर जगता येते. पण त्याच्याकडे दुर्लक्ष करून मात्र जगता येत नाही.

दुसरा आजार याचा सख्खा शेजारी. त्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन कप्पे एका तालात आकुंचन पावतात आणि खालच्या दोन कप्प्यांत रक्त ढकलतात. या आजारात वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात. त्या गोंधळातले काही संदेश खाली पोचतात, काही पोचत नाहीत. परिणामी नाडी कधी भरभर, कधी थांबून, कधी जोरात, कधी हलकी लागते. अनियमितपणातही काही नियम सापडत नाही. त्यातच थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायूचा झटका येतो.

हे दोन्ही आजार एकमेकांना आमंत्रण देतात. हृदय थकले की वरच्या कप्प्यांवर दाब येतो, ते ताणले जातात आणि थरथरू लागतात. उलट बाजूने, ठोके महिनोन्‌महिने बेताल आणि वेगाने पडत राहिले की चांगले हृदयही थकते. अशा रुग्णाचा डॉक्टरला एकच प्रश्न असतो: ‘डॉक्टर, पुढे काय?’

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाला कसे मिळत गेले, तो इतिहास आज सांगायचा आहे. ते उत्तर कुणा एका विद्वानाला एका रात्रीत सुचलेले नाही. ते नोंदींमधून मिळाले. कधी डॉक्टरांच्या, कधी नर्सच्या, कधी साध्या गावकऱ्यांच्या. आणि या नोंदींनी भल्याभल्यांचे तर्क उलटेपालटे केले.

सुरुवात इंग्लंडमधून करू. १७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरला एका घरगुती औषधाबद्दल मत विचारले गेले. श्रॉपशायर परगण्यातल्या एका म्हातारीने ते औषध गुप्त ठेवले होते. नामांकित डॉक्टरांनी हात टेकलेले, अंगभर सूज आलेले रोगी तिच्या औषधाने कधीकधी बरे होत. नंतरच्या काळात या म्हातारीला कुणीतरी नावही चिकटवले, पण विदरिंगच्या पुस्तकात तिचे नाव नाही. तिच्या काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतींचा चांगला जाणकार. यातली कामाची वनस्पती फॉक्सग्लव्ह, हे त्याने ताडले. लांब दांड्यावर जांभळी फुले ओळीने लटकलेली असे हे झाड. शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. फूल शिंप्याच्या अंगुस्तानासारखे दिसते म्हणून सोळाव्या शतकात फुक्स या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने ते नाव दिले.

विदरिंगचे मोठेपण झाड ओळखण्यात आहेच, पण त्याहून अधिक त्याने पुढे दहा वर्षे जे केले त्यात आहे. पान कधी खुडावे, काढा करावा की वाळवून पूड करावी, किती द्यावी आणि मुख्य म्हणजे कधी थांबावे, हे तो तपासत राहिला. कारण हे झाड विषारी. मात्रा थोडी वाढली की रोग्याला ओकाऱ्या होत, समोरचे पिवळेहिरवे दिसू लागे, नाडी मिनिटाला पस्तीसपर्यंत खाली येई. विदरिंगने नियम घालून दिला: लघवी, पोट, नाडी किंवा आतडी, यांपैकी कशावरही परिणाम दिसला की औषध बंद. १७८५ साली त्याने पुस्तक छापले, त्यात स्वतःच्या १६३ रुग्णांच्या नोंदी दिल्या. बरे झालेले, न झालेले, दगावलेले, सगळे. निवडक यशस्वी रुग्ण छापले असते तर औषधाचे नाव झाले असते, हे त्याला कळत होते; पण ते सत्याशी प्रतारणा करणारे ठरले असते, असे त्याने स्वतःच प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे.

गंमत अशी की सूज हृदयामुळे येते, हे विदरिंगला नीट ठाऊक नव्हते. औषध लघवी वाढवते म्हणून सूज उतरते, असे त्याला वाटे. तरीही हे औषध हृदयाच्या गतीवर विलक्षण परिणाम करते, ही नोंद त्याने केली. कारण समजले नव्हते, पण जे दिसले ते लिहून ठेवले. पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडले ते हे लिहिलेलेच.

याच रीतीचे एक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर सर्पगंधेकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. उच्च रक्तदाब हे आपल्या आजच्या दोन्ही आजारांचे एक मोठे कारण. परंपरेतली वनस्पती, तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी मांडलेला हिशेब, आणि तो हिशेब सर्वांसमोर ठेवण्याची तयारी: विदरिंगनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी डॉ. वकिलांनी तेच केले.

आता अनियमित नाडीकडे वळू. उत्तर इंग्लंडमध्ये बर्नली नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. तिथे १८७९ पासून जेम्स मॅकेन्झी हा साधा फॅमिली डॉक्टर काम करत होता. त्याच्या चरित्रात एक हकीकत आहे. हृदयविकार असलेली एक तरुण स्त्री बाळंतपणात त्याच्या डोळ्यांसमोर गेली. कोणते हृदय हा ताण सोसेल आणि कोणते सोसणार नाही, हे आधी सांगता आले असते का, म्हणून त्याने पुस्तके धुंडाळली. पुस्तकांत उत्तर नव्हते. ते असणार तरी कसे? मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर रोग्याला दोन-तीन आठवडे बघतो आणि घरी पाठवतो. त्या रोग्याचे दहा वर्षांनी काय झाले, हे फक्त गावातला डॉक्टर सांगू शकतो.

मॅकेन्झीने मग आपल्याच रोग्यांचा पाठपुरावा सुरू केला. एका घड्याळजीच्या मदतीने त्याने एक यंत्र बनवून घेतले. मनगटातली नाडी आणि मानेतल्या शिरेचे ठोके ते एकाच वेळी कागदाच्या पट्टीवर शाईने काढी. वर्षानुवर्षे त्याच रोग्यांच्या पट्ट्या तो जमवत गेला. झडप आकसलेल्या एका बाईच्या पट्ट्यांत त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. नाडी नियमित होती तोवर मानेच्या शिरेत वरच्या कप्प्याची छोटी लाट उमटे. पुढे नाडी कायमची अनियमित झाली आणि ती लाट नाहीशी झाली. त्याने अनुमान काढले, की वरच्या कप्प्याला लकवा झाला असावा. अनुमान पुरते बरोबर नव्हते. पण निरीक्षण अचूक होते, आणि ते बरोबर त्या जागेवर बोट ठेवत होते.

प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे असे थरथरताना शास्त्रज्ञांनी पाहिले होते. माणसातली ही बेताल नाडी म्हणजे तोच प्रकार असावा, असे आर्थर कुशनी यांनी १९०७ साली सुचवले. तोवर हॉलंडमध्ये विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाची वीज टिपणारे यंत्र सिद्ध केले होते. आपण आज ज्याला ईसीजी म्हणतो ते. १९०९ साली लंडनमध्ये थॉमस लुईस यांनी ईसीजीच्या आधारे दाखवून दिले, की मॅकेन्झीच्या रोग्यांतली ती अनियमित नाडी म्हणजे वरच्या कप्प्यांचे फिब्रिलेशनच. त्याच वर्षी व्हिएन्नातल्या दोघा संशोधकांनीही तोच निष्कर्ष काढला. मॅकेन्झीने आणखी एक गोष्ट दाखवली होती. डिजिटॅलिसचा सर्वांत ठळक गुण येतो तो याच बेताल नाडीच्या रोग्यांना. खालच्या कप्प्यांचे धावणे कमी होते, हृदयाला भरायला उसंत मिळते आणि सूज उतरते. विदरिंगने बरे केलेल्या कित्येक रोग्यांना हाच जोडआजार असणार, असे म्हणायला जागा आहे.

पुढचा धडा डॉक्टरांना दिला तो एका रोग्याने. १९१२ साली डच डॉक्टर कारेल वेंकेबाख यांच्याकडे एक व्यापारी आला. पूर्वेकडच्या देशांत त्याचा व्यापार. नाडी बेताल. वेंकेबाख म्हणाले, ‘हे काही बरे करता येणार नाही.’ व्यापारी म्हणाला, ‘मी करू शकतो. उद्या नाडी नीट करून येतो.’ आणि तो खरोखरच नियमित नाडी घेऊन आला! मलेरियासाठी घेतले जाणारे क्विनाइन घेतले की आपली नाडी ताळ्यावर येते, हे त्याने स्वतः अनुभवाने शोधले होते. वेंकेबाख यांनी १९१४ साली हा अनुभव छापला. १९१८ साली जर्मनीत वाल्टर फ्राय यांनी क्विनाइनचे भावंड क्विनिडिन हे अधिक गुणकारी असल्याचे दाखवले आणि ताल सुधारणाऱ्या गोळ्यांचे युग सुरू झाले. रोगी काय सांगतो ते ऐकून घेणाऱ्या डॉक्टरमुळेच हे घडले.

वेंकेबाख पुढे व्हिएन्नाला गेले. तिथल्या वैद्यकीय विभागात १९१९ साली आल्फ्रेड फोग्ल हा विद्यार्थी काम करत होता. एका मुलीला सिफिलिससाठी पाऱ्याच्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. वॉर्डातल्या नर्स तिच्या रोजच्या लघवीचे माप तक्त्यावर काटेकोरपणे लिहीत. इंजेक्शनच्या दिवशी तो आकडा एकदम उसळलेला दिसला. मग हृदय थकल्यामुळे सुजलेल्या एका रोग्याला ते औषध देऊन पाहिले, आणि त्याच्या अंगातले पाणी अक्षरशः वाहून गेले. तोवर असे पाणी काढायला पायांत बारीक नळ्या खुपसाव्या लागत. पाऱ्याची औषधे धोकादायक होती, ती नंतर मागे पडली. पण आज आपण ज्यांना ‘लघवीच्या गोळ्या’ म्हणतो त्यांच्याकडे जाणारी वाट त्या नर्सच्या तक्त्यावरून गेली. तो तक्ता त्या दिवशी कुणी अंदाजाने भरला असता, तर ही वाट तेव्हा दिसलीच नसती.

गुठळीवरचे औषध आले गोठ्यातून. १९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. बुरशी लागलेला गोड क्लोव्हर नावाचा चारा हे त्याचे कारण. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, दुधाच्या बरणीत न गोठलेले रक्त आणि खराब चारा घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे करायला सहा वर्षे लागली. त्यातूनच पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ साली ते बाजारात आले ते उंदीर मारायचे औषध म्हणून. माणसांसाठी त्याला १९५४ साली परवानगी मिळाली. ‘डॉक्टर, हे उंदराचे औषध आहे म्हणे!’ असे मला अनेक रुग्णांनी विचारले आहे. मी त्यांना सांगतो: होय, तेच. फरक मात्रेचा आणि रक्ततपासणीचा आहे.

पण हे रक्त पातळ करणारे औषध बेताल नाडीच्या कोणत्या रुग्णाला द्यायचे? त्याचे उत्तर एका गावाने दिले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची १९४८ पासून दर दोन वर्षांनी तपासणी होऊ लागली. कुणाला काय झाले, हे पुढच्या पिढ्यांपर्यंत लिहिले जात राहिले. १९७८ साली त्या नोंदींतून दिसले, की झडपेचा विकार नसला तरी फिब्रिलेशनमुळे अर्धांगवायूचा धोका पाच पटींहून अधिक वाढतो. आणि रुमॅटिक तापाने झडप खराब झाली असेल तर सतरा पट. पुढे १९८९ पासूनच्या चाचण्यांनी दाखवले, की वॉरफरिनने हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. फ्रेमिंगहॅमच्या २००३ सालच्या आणखी एका निबंधात आपल्या जोडआजाराचा हिशेब आहे. ३८२ जणांना दोन्ही आजार झाले होते. त्यांत ३८ टक्क्यांना आधी बेताल नाडी, ४१ टक्क्यांना आधी हार्ट फेल्युअर, आणि २१ टक्क्यांना दोन्हींचे निदान एकाच दिवशी. एक आजार असताना दुसरा जडला की मृत्यूचा धोका वाढत होता.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, की मग ताल पूर्ववत केला म्हणजे झाले. डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. बिघडलेला ताल नीट करणे चांगले, यात शंका ती कसली? पण २००२ साली ‘अफर्म’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४,०६० रुग्ण. निम्म्यांना ताल सुधारणारी औषधे, निम्म्यांना केवळ नाडीचा वेग आटोक्यात ठेवणारी. ताल सुधारलेल्यांचे आयुष्य वाढले नाही. हार्ट फेल्युअर असलेल्या १,३७६ रुग्णांवर झालेल्या २००८ सालच्या चाचणीतही तेच. अफर्ममधली एक बारीक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांत अर्धांगवायूचे बहुतेक झटके आले ते वॉरफरिन थांबवल्यावर किंवा रक्त पुरेसे पातळ नसताना. ताल सुधारला, आता गोळी कशाला, असा विचार धोक्याचा ठरला.

आणखी एक उलटलेला तर्क सांगतो. हृदय थकले असताना त्याचा वेग कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे द्यायची नाहीत, असे आम्हाला पढवले जाई. १९७५ साली स्वीडनमध्ये फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांना ती देऊन सुधारणा झाल्याचे दाखवले. विश्वास कुणी ठेवेना. १९९९ साली २,६४७ रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण १७.३ टक्क्यांवरून ११.८ टक्क्यांवर आले, तेव्हा पाठ्यपुस्तके बदलली. पण इथेही गोष्ट संपली नाही. २०१४ साली अशा अनेक चाचण्यांतले १८,०००हून अधिक रुग्ण एकत्र मोजले गेले. ज्यांना हार्ट फेल्युअरबरोबर फिब्रिलेशनही होते, त्यांच्यात बीटा ब्लॉकरने आयुष्य वाढल्याचे स्पष्ट दिसले नाही. नाडीचा वेग आवरायला ती आजही उपयोगी आहेत. पण एका आजाराचा हिशेब जोडआजाराला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्यातून कळले.

डिजिटॅलिसचे तरी काय झाले? १९९७ साली ६,८०० रुग्णांवर डिगॉक्सिनची मोठी चाचणी झाली. मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, शंभरात सुमारे ३५. रुग्णालयात परत भरती होण्याचे प्रमाण मात्र घटले. यात एक विरोधाभास होता. ज्यांना मॅकेन्झीच्या काळापासून हे औषध सर्वांत लागू पडते असे मानले जाई, ते फिब्रिलेशनचे रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. आणि २०२५ साली जर्मनी, ऑस्ट्रिया आणि सर्बियातल्या १,२१२ रुग्णांच्या चाचणीत डिजिटॉक्सिनने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती हे एकत्रित प्रमाण ४४.१ टक्क्यांवरून ३९.५ टक्क्यांवर आणले. हे डिजिटॉक्सिन विदरिंगच्याच जांभळ्या झाडातले. २४० वर्षांनंतरही त्या झाडाची नोंदवही मिटलेली नाही.

ताल सुधारण्याची कल्पनाही वेगळ्या रूपात परत आली. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल हाइसागेर यांनी दाखवले, की फिब्रिलेशनची ठिणगी बहुधा फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. तिथे बारीक तारेने डाग देऊन ती विझवता येते. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. २०१८ साली दोन्ही आजार असलेल्या ३६३ निवडक रुग्णांच्या चाचणीत, औषधांवर ठेवलेल्यांपैकी ४४.६ टक्के जण मृत्यू पावले किंवा हार्ट फेल्युअर वाढून भरती झाले. अ‍ॅब्लेशन केलेल्यांत हे प्रमाण २८.५ टक्के होते. म्हणजे योग्य रुग्ण निवडला तर ताल सुधारण्याचा फायदा होतो. हार्ट फेल्युअरसाठीही आज चार गटांची औषधे आहेत. मधुमेहासाठी निघालेल्या काही गोळ्या त्यात २०१९ नंतर येऊन बसल्या.

मग आपल्याकडे चित्र कसे आहे? २०१७ साली १६ देशांतल्या ५,८२३ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका वर्षात मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण एकंदरीत १६.५ टक्के होते. चीनमध्ये ते ७ टक्के, भारतात २३ टक्के, आफ्रिकेत ३४ टक्के. रोगाची तीव्रता, औषधे, सामाजिक स्थिती हे सगळे हिशेबात घेऊनही हा फरक पुरता उलगडला नाही. जवळजवळ चारांतला एक माणूस वर्षाच्या आत जातो, हा आकडा माझ्या मनातून जात नाही. कारण औषधे तर आपल्याकडेही मिळतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट वेगळी आहे. लहानपणी घसा दुखून, मग सांधे सुजून येणारा रुमॅटिक ताप आणि त्यातून होणारा झडपेचा विकार श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार झाला. आपल्याकडून अजून गेलेला नाही. म्हणून आपल्याकडे बेताल नाडी घेऊन येणारा रुग्ण नेहमीच म्हातारा नसतो. कित्येकदा ती तिशी-चाळिशीतली बाई असते, पदरात मुले असलेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ देशांतले, भारतातलेही, रुमॅटिक झडप आणि फिब्रिलेशन असलेले ४,५३१ रुग्ण होते. सरासरी वय पन्नाशीचे. ७२ टक्के स्त्रिया. सगळ्यांची अपेक्षा होती, की सारखी रक्ततपासणी न लागणारी नवी गोळी सोयीची आणि निदान तितकीच चांगली ठरेल. झाले उलटेच. वॉरफरिनसारख्या जुन्या औषधाच्या गटात मृत्यू कमी झाले. जुनी गोळी का सरस ठरली, यावर चर्चा चालू आहे. त्या गटातल्या रुग्णांना रक्ततपासणीसाठी वारंवार यावे लागे, डॉक्टर-नर्सची गाठ पडे, हे एक कारण असावे, असे काहींना वाटते. मलाही ते पटण्याजोगे वाटते.

कारण या विचाराला जुना आधार आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात सत्तरीपुढच्या २८२ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर नर्सने दिलेली समजूत, मिठाचा हिशेब, औषधांची उजळणी, घरी भेट आणि फोन. नव्वद दिवसांत पहिल्या गटात पुन्हा भरतीचे ९४ प्रसंग झाले, दुसऱ्यात ५३. नवे औषध नाही, यंत्र नाही. कुणीतरी विचारपूस करत होते, एवढेच.

माझ्याकडे एक आजी येत. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचा नातू शाळेच्या जुन्या वहीत रोज सकाळी त्यांचे वजन लिही, आणि गोळी घेतली की रकान्यात बरोबरची खूण करी. एकदा संक्रांतीनंतर तीन दिवसांत वजन अडीच किलोने वाढले. पायांवर सूज दिसायच्या आधी तो पोरगा वही घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. गोळ्यांत थोडा बदल केला आणि आजींची रुग्णालयाची फेरी टळली. वहीत दुसरे काहीही नव्हते. पण त्या दिवशी ती ईसीजीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

म्हणून वाचकांना चार गोष्टी सांगतो. पन्नाशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा झडपेचा विकार असेल, तर अधूनमधून अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ती बेताल लागली तर ईसीजी काढून घ्या. त्याला फार वेळ लागत नाही. हार्ट फेल्युअरचे निदान झाले असेल तर रोज सकाळी, चहा-नाश्त्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर सूज यायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. लोणचे, पापड, फरसाण हे मिठाचे कोठार आहे, हे लक्षात ठेवा. आणि बरे वाटते आहे म्हणून रक्त पातळ करणारी गोळी किंवा दुसरी कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बरे वाटते आहे, ते बहुधा त्या गोळ्यांमुळेच.

‘पुढे काय?’ या प्रश्नाला १७७५ साली उत्तर नव्हते. आज ते बऱ्याच अंशी आहे; पण ते प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते आणि त्यातला बराचसा भाग घरीच लिहिला जातो. तेव्हा एक वही करा. तारीख, वजन, नाडी, घेतलेल्या गोळ्या, एवढे चार रकाने पुरेत. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती बरोबर न्या आणि त्यांना ती उघडून पाहायला लावा.